लाल टोपी, निळा खडू

...आणि ही लाल टोपी. अंगठ्याच्या पेराएवढी, प्लास्टिकची, आतून जराशी तेलकट. नव्या बॅटरीच्या एका टोकावर ती दुकानातूनच बसवून येते. काल संध्याकाळी बॅटरी गाडीत बसवताना त्यानं ती काढून शर्टाच्या खिशात टाकली होती — उगाच, फेकायला जीव होईना म्हणून — आणि रात्री जेवताना बायकोला तिच्यावरची अक्षरं वाचून दाखवली होती. आत्ता सकाळी साडेनऊला, ड्रायव्हरच्या सीटवर बसून, टोपी दोन बोटांत फिरवत तो तीच अक्षरं पुन्हा वाचत होता. चष्म्याशिवाय. सहासष्टाव्या वर्षी, चष्म्याशिवाय, मुंगीएवढी अक्षरं! अशा माणसाच्या डोळ्यांना काय धाड भरलीय, ते त्या डोळ्यांच्या डॉक्टरनं एकदा समोर येऊन सांगावं.

टोपी खिशात गेली. चावी फिरवली. समोरच्या पट्टीवर लाल, पिवळे, हिरवे सगळे दिवे लागले, घड्याळ लागलं, पंखा फिरू लागला. चावी आणखी पुढे, शेवटच्या टप्प्यापर्यंत रेटली — आणि काही नाही. घरघर नाही, खाकरणं नाही, साधं टक् सुद्धा नाही. काल हीच बॅटरी, हीच गाडी, आणि अर्ध्या चावीत इंजिन असं उठलं होतं की तळमजल्यावरचे पोस्टमास्तर — निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना पोस्टमास्तरच म्हणते — खिडकीत बघायला आले होते. चावी मागे. पुन्हा पुढे. पुन्हा काही नाही. वर पहिल्या मजल्यावर खिडकीजवळ बायकोचं शिवणाचं मशीन चाललं होतं, ते मध्येच थांबलं आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं.

आजच? वर्षभरात हिला नेमका आजचाच दिवस सापडला? चार वाजता लेकीला दवाखान्यातून सोडणार आहेत. लेकीला, आणि तीन दिवसांच्या त्या नव्या पाहुणीला, जिचं अजून नावसुद्धा ठरलेलं नाही. आणि त्या दोघींना घरी मी आणणार आहे. मी, माझ्या गाडीतून, स्वतः चालवत... हे त्यानं सात महिन्यांपूर्वीच जाहीर करून टाकलं होतं, कुणी विचारलेलं नसताना, आणि त्यानंतर दर आठवड्याला एकदा तरी पुन्हा जाहीर केलं होतं. जावई काल म्हणाला, मी दुपारी येऊन गाडी घेऊन जातो, तुम्ही दोघं निवांत घरी थांबा. त्याला त्यानं गोड बोलून वाटेला लावलं. जावई चांगला आहे, म्हणजे जरा जास्तच चांगला आहे, पण गाडी अशी चालवतो की शेजारून चालणारी माणसं पुढे निघून जातात. इमारतीच्या आवारात वळतानासुद्धा इंडिकेटर दाखवतो. त्याच्या हातात गाडी दिली तर पोर घरी पोचेपर्यंत रांगायला लागेल.

तर, शोधायचं. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला एका गाडीनं हात टेकायला लावावेत, हे काही खरं नाही. वस्ताद — ज्याच्या हाताखाली तो एकोणिसाव्या वर्षी लागला तो — दोन वाक्यं अंगात मुरवून गेला. एक, आधी मोज, मग बोल. आणि दुसरं, लिफ्ट आपणहून बंद पडत नाही रे, तिला कुणीतरी थांबवलेलं असतं. दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं: मोटर ठणठणीत, दोर ठणठणीत, आणि सातव्या मजल्यावर कुणीतरी दार नीट न लावता निघून गेलेलं. सगळ्या दारांचे स्विच एका माळेत ओवलेले असतात, त्यातला एक उघडा राहिला की लिफ्ट ढिम्म हलत नाही. पण गाडीला सातवा मजला नसतो. म्हणून वस्तादचं दुसरं वाक्य बाजूला ठेवून, पहिलं घेऊन, त्यानं बॉनेट उघडलं.

मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. आकडा बघायला मीटर नाकापाशी आणावा लागला, कारण काचेवर ऊन पडत होतं. बारा पूर्णांक सहा. म्हणजे उत्तम. तरीही त्यानं बॅटरीवाल्याला फोन केला, कारण कुणाला तरी बोलल्याशिवाय चैन पडेना. बॅटरीवाला दुखावला. हॉर्न वाजतो का? वाजतो. दिवे लागतात का? लागतात. मग काका, माझ्या बॅटरीवर आळ कशाला घेता, असं म्हणून त्यानं वर तारा घट्ट करायचा सल्ला दिला. मला! छत्तीस वर्षं मी लोकांच्या तारा घट्ट करत आलो... तारा घट्टच होत्या. तरी त्यानं त्या सोडल्या, घासल्या, पुन्हा आवळल्या, बसून चावी फिरवली. काही नाही. वर मशीन थांबलं, सुरू झालं. जणू गाडी आणि मशीन एकाच तारेवर आहेत, असं त्याला वाटून गेलं, आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

मग पोस्टमास्तर आले, हातात वर्तमानपत्राची घडी घेऊन. त्यांनी आधी गाडी ढकलायचं सुचवलं. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन अजून वर्ष झालेलं नव्हतं, आणि फाटकाकडे चढ होता, आणि लिफ्ट कधी कुणी ढकलून वर नेली आहे का, असं त्यानं विचारल्यावर ते विचारात पडले. मग त्यांनी उंदरांचा मुद्दा काढला. पोस्टात एकदा उंदरांनी टेलिफोनची तार कुरतडली होती आणि तीन दिवस फोन वाजला नाही म्हणून सगळे खुशीत होते, ती गोष्ट वीस मिनिटं चालली. मुद्द्यात मात्र दम होता. ते गेल्यावर त्यानं इंजिनाच्या पोटात हात घालून घालून शोधलं. उंदीर नव्हता, उंदराचं काही नव्हतं. एक वाळकं पान निघालं आणि दोन वर्षांपूर्वी हातातून निसटलेला एक वॉशर निघाला. वॉशर सापडला याचा त्याला इतका आनंद झाला की क्षणभर तो मूळचं दुखणं विसरलाच. वॉशर लाल टोपीशेजारी खिशात गेला.

आता स्टार्टर. इंजिन पहिल्यांदा फिरवून देणारी ती छोटी मोटर, तिच्या डोक्यावर दोन बोल्ट असतात. लांब स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवून ते जोडले, की चावीला वगळून वीज थेट मोटरीत जाते. गिअर न्यूट्रलला आहे हे त्यानं दोनदा पाहिलं, चावी काढून घेतली, आणि जोडलं. ठिणगी — आणि घर्रर्र! मोटर फिरली, इंजिन हललं. वरचं मशीन थांबलं. म्हणजे बॅटरी जिवंत, स्टार्टर जिवंत, फक्त चावीचा निरोप तिथपर्यंत पोचत नाही. आता चावी लावून हेच केलं तर गाडी चक्क सुरू होईल... पण मग दवाखान्याच्या दारात लेक तान्ह्या पोरीला घेऊन उभी, आणि आजोबा बॉनेटमध्ये डोकं घालून ठिणग्या पाडतायत — छे. सापडेल ते नीट सापडलं पाहिजे.

एवढ्यात बायको चहा घेऊन खाली आली. मशीनवरून उठून, जिन्याच्या वीस पायऱ्या उतरून, न मागता चहा. सुरू झाली का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, नुसता स्टार्टर फिरवून पाहिला. ऊन तिच्या पाठीमागे होतं, त्यामुळे तिचा चेहरा त्याला नीट दिसला नाही.

"राहू द्या ना मग," ती म्हणाली. "रिक्षानं जाऊ. रिक्षानं का पोरं घरी येत नाहीत?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. स्वतःच्या खांद्यावरचा दोऱ्याचा तुकडा उचलून ती वर गेली. चांगल्या शर्टाला काळे डाग पडले होते, त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. हे जरा नवलच. कपाच्या कानाला निळा डाग होता — ती कापडावर खुणा करते त्या खडूचा, तो घरात सगळीकडेच असतो, कपांना, दारांच्या कड्यांना, एकदा तर दुधाच्या पातेल्याला. चहा छान झाला होता. सकाळपासून ती झबली शिवतेय, तीन दिवसांत सात झाली. पोर आहे एक.

आता दिव्याची परीक्षा. एका छोट्या बल्बला दोन वायरी जोडून त्यानं एक स्टार्टरकडे येणाऱ्या बारक्या तारेला लावली, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला, आणि बल्ब पुढच्या काचेवर, वायपरला टांगला, म्हणजे सीटवरून दिसेल. चावी फिरवली. बल्ब लागला नाही. पण बल्बच गेलेला असला तर? वस्ताद म्हणायचा, आधी दिव्याची परीक्षा घे, मग दिव्यानं परीक्षा घे. त्यानं उतरून बल्ब सरळ बॅटरीला जोडला, पुन्हा काचेवर टांगला, आणि येऊन सीटवर बसला. बल्ब मस्त लागला होता. फक्त तो एक नव्हता, तीन होते. तीन, आणि त्यांच्या भोवती एक पिवळट कडं. काच पुसायला हवी. सकाळपासून दोनदा पुसली होती. त्यानं तिसऱ्यांदा पुसली, मग आतून पुसली, मग ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या. बसला. तीन.

...गेल्या मंगळवारी समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवेही असेच, एकेकाचे तीन-तीन, फुललेले. ती शेजारी बसलेली, मांडीवर कापडाचं पुडकं. नुकता अंधार पडत होता. आणि तो सायकलवाला, राखाडी शर्ट, राखाडी रस्ता, राखाडी हवा... "अहो." एवढंच म्हणाली ती. पस्तीस वर्षं तो हा शब्द ऐकत आलाय — भाजीसाठी, गॅससाठी, कौतुकानं, वैतागानं, झोपेत — पण तसा 'अहो' त्यानं कधी ऐकला नव्हता. त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. सायकलवाल्याला कळलंसुद्धा नाही, तो आपला शीळ घालत पुढे गेला. मग घरापर्यंत ते दोघं पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत राहिले. काच खराब झालीय, तो म्हणाला होता. हो, ती म्हणाली होती. त्या दिवसापासून तिला चालण्याचं फार प्रेम आलंय. चालत जाऊ या ना, पाय मोकळे होतील. दवाखान्यातसुद्धा परवा बसनं नेलं तिनं, स्टॉपपर्यंत चालत. आणि मला दिसला होता तो सायकलवाला. म्हणजे दिसला असता. आणखी एक क्षण मिळता तर...

बल्ब काढून टाकला. आता तारेचं दुसरं टोक. चावीपाशी वीज येते का? स्टिअरिंगखालचं झाकण काढायला पाठीवर झोपून, पाय दाराबाहेर टाकून, डोकं पेडलपाशी न्यावं लागलं. या वयाला हा योग बरा नाही, पण दुपारचे बारा वाजून गेले होते आणि जेवायला त्याला तीन वेळा हाक येऊन गेली होती. इथं, तोंडापासून वीतभर अंतरावर, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं! प्रत्येक स्क्रूची खाच. प्रत्येक तारेचा रंग. चावीपाशी बल्ब लागला. म्हणजे इथं निरोप आहे आणि तिकडे नाही. मधे कुठंतरी अडलाय. त्याला एकदम बरं वाटलं. दोष असा दोन टोकांत पकडला की मग तो कुठं जातो?

याच कामापायी तो दिवस हुकला होता. तेहतीस वर्षांपूर्वी, लेक झाली तेव्हा, दवाखान्यातून दोघींना घरी आणायच्या दिवशी, तो एका लिफ्टच्या माथ्यावर उकिडवा बसला होता. खाली चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये पाच माणसं अडकलेली, त्यातलं एक सारखं रडणारं. ती सगळी बाहेर निघेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. ग्रीसनं माखलेले हात घेऊन घरी आला तेव्हा पोर झोपली होती आणि मेहुणा त्याच्याच खुर्चीत पाय लांब करून बसला होता. "आणलं बरं का तुमचं सामान," मेहुणा म्हणाला होता. गेली तेहतीस वर्षं मेहुणा ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगतो, आणि दर खेपेला त्यात त्याचा वाटा थोडा वाढतो. बायको कधीच काही बोलली नाही. मेहुण्याचं काही वाटत नाही, ती बोलली नाही हे मात्र अजून सलतं.

तार डावीकडे वळली, गालिच्याच्या कडेखाली शिरली. बोटांनी तिचा माग काढत तो सरकत होता. काळी तार, काळी तार, काळी... आणि मग पिवळी. गाडीत पिवळी कुठून आली? आणि ही तर कापडी वेष्टणाची, जाड — ही गाडीची तारच नव्हे, ही लिफ्टची आहे. काळी जिथं पिवळीला भेटत होती तिथं चिकटपट्टी गुंडाळलेली होती. त्यानं नखानं ती उकलली. आत तारेला तारेचे पीळ, एकावर एक, नेमके सात, आणि शेवटचं टोक आत मुडपलेलं.

सात पीळ आणि टोक आत. असा जोड वस्ताद देत असे, आणि वस्तादनं शिकवलेला एकच माणूस अजून हयात होता.

हा जोड माझा आहे.

तो तसाच पडून राहिला आणि मोठ्यानं हसला. अकरा वर्षांपूर्वी या रस्त्यावरून एका महिन्यात दोन गाड्या चोरीला गेल्या होत्या, आणि तेव्हा त्यानं एका रविवारी बसून हा चोरस्विच केला होता, चोरकप्पा असतो तसा. ड्रायव्हरच्या सीटखाली लपवलेला, तो बंद केला की चावी कितीही फिरवा, स्टार्टरला पत्ता नाही. स्वयंपाकघरात दार लावून त्यानं ते गुपित बायकोला, फक्त तिलाच, सांगितलं होतं. या गाडीला कोण नेतंय, असं म्हणून ती पोट धरून हसली होती. दोन महिन्यांनी लेक मुलाखतीला निघाली आणि स्विच चालू करायचं त्याला आठवलंच नाही. लेक बसनं गेली, उशिरा पोचली, आणि त्या दिवसापासून स्विच कायमचा चालू राहिला, तो इतका की त्याचा त्यालाच विसर पडला. उगाच नाही वस्ताद म्हणायचा, स्वतः लावलेलं कुलूप शेवटी आठवतं.

हात सीटखाली गेला. बोटांना धूळ लागली, अकरा वर्षांची, गादीसारखी. मग स्विच. त्याची दांडी खाली होती. बंद. काल बॅटरी बसवताना गुडघा लागला असेल, किंवा पान्हा... पण सीटखाली गुडघा कसा लागेल? आणि दांडीवर धूळ नव्हती. दांडी स्वच्छ होती, आणि गुळगुळीत, काहीतरी भुकटीसारखं बोटाला लागत होतं. त्यानं हात बाहेर काढला आणि बोटं डोळ्यांपाशी आणली. इतक्या जवळून त्याला सगळं दिसतं.

निळं.

राग आला. चांगला सणसणीत आला, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. सकाळपासून मी इथं उताणा पालथा होतोय, बॅटरीवाल्याशी भांडतोय, उंदरांच्या गोष्टी ऐकतोय, आणि ही वर बसून झबली शिवतेय! आणि चहा आणून देतेय! आणि मशीन — आत्ता त्याला मशीन कळलं. दर वेळी चावी फिरली की ते थांबायचं. ती पाय थांबवून ऐकत होती. सुरू झाली का, झाली का... आणि नाही झाली की पुन्हा शिवायला लागायची. सकाळपासून ती त्याच्याइतकीच या गाडीपाशी बसून होती, फक्त वरच्या मजल्यावर.

रागाला तिथून पुढे काही जाता येईना. लोक त्याच्यावर असेच चिडायचे. काय हो, चांगली लिफ्ट मधेच बंद का पडते? आणि तो, अंगावर कामाचे कपडे, अगदी ठेवणीतल्या आवाजात सांगायचा: बंद नाही पडली, थांबलीय. दारात कुणाचा तरी हात असेल, तुमच्याच पोराचा असेल, म्हणून थांबलीय, तिला शिव्या देऊ नका. छत्तीस वर्षं हे वाक्य सांगितलं मी. त्या मंगळवारनंतर किती रात्री हिनं जागून काढल्या असतील, आणि अकरा वर्षांपूर्वी एकदाच ऐकलेली गोष्ट हिला बरोब्बर आठवली, माझीच... आणि मला नाही आठवली. याचाही थोडा राग आला, पण तो वेगळा.

त्यानं दांडी वर केली. दोष सापडला असं नुसतं म्हणायचं नसतं, चालवून बघायचं असतं. उठला, कपडे झटकले, सीटवर बसला, चावी फिरवली. अर्ध्या चावीत इंजिन उठलं, काय आवाज, एक ठोका चुकत नव्हता. आनंद झालाच. इतका झाला की त्यानं हॉर्नही वाजवला, आणि पोस्टमास्तरांनी खिडकीतून वर्तमानपत्र हलवलं.

वर मशीन थांबलं. त्यानं कान देऊन वाट पाहिली. या वेळी ते पुन्हा सुरू झालं नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज आला, सावकाश, एकेक पायरी.

ती त्याच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली. हातात फोन होता. त्यानं आपली बोटं तिच्यासमोर धरली. तिनं ती पाहिली, आणि मग स्वतःची पाहिली.

"मला दुसरं काही सुचलं नाही," ती म्हणाली.

"बोलायचंस ना."

"आठ महिने बोलतेय. तुम्ही टोप्या वाचून दाखवता."

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला तेव्हापासून तो हेच करत आला होता: औषधाच्या बाटल्या, पंचांगाच्या मागची जाहिरात, सुईचं नाक, जे जवळ असेल ते वाचून दाखव, ओवून दाखव. ऑपरेशनची भीती वाटते हे तो कुणाला बोलला नव्हता. डोळ्यात पातं. लिफ्टच्या दोरावर लोंबकळताना कधी वाटली नाही, पण ही वाटते.

त्यानं समोर पाहिलं. रस्त्यापलीकडे, फाटकाच्या बरोब्बर समोर, सकाळपासून एक टेम्पो उभा होता.

"त्याचा नंबर वाच," तो म्हणाला.

"बेचाळीस शून्य तीन. का हो?"

"मला वाटलं त्याला नंबरच नाहीये."

ती आधी हसली नाही. मग तिच्या ओठांची कड हलली, मग त्याला हसू फुटलं, आणि मग ती दाराला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, स्वयंपाकघरात हसली होती तशी. इंजिन आपलं शहाण्यासारखं चालू होतं. हसणं ओसरल्यावर, त्या ओघातच, जे तो तीन दिवस गिळून बसला होता ते बाहेर पडलं.

"मला तिचं नाक दिसलं नाही," तो म्हणाला. "पोरीचं. सगळे म्हणाले माझ्यासारखं आहे, तर मी हो म्हणालो. मी पलंगाच्या पायथ्याशी होतो. मला नुसतं फडकं दिसलं."

तिनं खिडकीतून हात आत घातला आणि त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. कॉलर आता निळी झाली असणार. तिचा आवाज आला तो हलका होता. "जावयांना मी सकाळीच फोन केलाय. अडीचला निघतो म्हणालेत. येऊ नका म्हणून सांगू?"

समोरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. दवाखाना पंचवीस मिनिटांवर. रस्ता सरळ आहे, दिवसाउजेडी आहे, दोन वळणं, एक सिग्नल, सगळं पाठ आहे. सायकलवाले मात्र पाठ करता येत नाहीत... तो उतरला. मागचं सीट साफ आहे का बघतो, असं काहीसं पुटपुटला, आणि मागचं दार उघडून आत बसला.

चौदा वर्षांत तो या गाडीत मागे कधी बसला नव्हता. इथून गाडी वेगळीच दिसत होती, मोठी, आणि जरा शांत. पुढच्या सीटच्या पाठीला एक छोटं भोक होतं, लेकीनं शाळेत असताना कर्कटकानं पाडलेलं नसणार, गाडी तेवढी जुनी नाही — मग कुणी पाडलं? ड्रायव्हरचं सीट मागून बघितलं तर नुसतं एक सीट होतं. तिथं बसणाऱ्याला समोर बघावं लागतं. सगळी वाट, पंचवीस मिनिटं, आणि जावई असला तर पाऊण तास. पाऊण तास... आणि मागे काय चाललंय ते त्याला दिसलं तर आरशात.

त्यानं डावा हात कोपरात वाकवला, त्यावर पोर निजली असावी तसा. मग उजव्या हाताच्या वितीनं कोपरापासून नाकापर्यंतचं अंतर मोजलं. दीड वीत, वर दोन बोटं. पुन्हा मोजलं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. खिशातून वॉशर आणि टोपी निघाली. वॉशर परत ठेवला, आणि ती लाल टोपी कोपराच्या खोबणीत अलगद टेकवली.

"अहो," बायको खिडकीत वाकली. हा 'अहो' पुन्हा नेहमीचा होता. "काय सांगू त्यांना?"

"थांब जरा," तो म्हणाला.

पुढे इंजिन चाललं होतं, स्टिअरिंगपाशी कुणी नव्हतं. मान खाली घालून तो टोपीवरची अक्षरं वाचत होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्यातलं एकही अक्षर फिसकटलेलं नव्हतं.